कावळ्याच्या पिसांचं हार्पसिकॉर्ड

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो पेटीच्या भात्याच्या आवाजानं. अण्णा, म्हणजे माझे वडील विठ्ठलराव, हार्मोनियम दुरुस्त करायचे. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांमागच्या एका बोळात त्यांची खोलीवजा जागा होती. पण एखादी पेटी हट्टालाच पेटली की ते तिला नारायणगुड्याच्या घरी घेऊन यायचे आणि सकाळी चहाच्याही आधी तिच्यापुढे मांडी घालून बसायचे. एक सूर, पुन्हा तोच सूर, मग पितळी पट्टीवर कानशीचा एक हलका हात, पुन्हा तोच सूर. आत आई भाकऱ्या थापत असायची. तिच्या थापांचा आणि अण्णांच्या सुराचा मेळ कधी बसला नाही, आणि दोघांनाही त्याची फिकीर नव्हती. वर अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी पडली की अण्णा भाता बंद करून म्हणायचे, "आता नाकाचं काम सुरू झालं, कानाला सुट्टी."

अण्णांचे वडील नांदेडकडचे कोरडवाहू शेतकरी. निजामाचं राज्य गेलं त्या सुमाराला ते हैदराबादला आले आणि परत गेले नाहीत. अण्णा लहानपणी एका मुसलमान उस्तादांच्या हाताखाली पेटीचं काम शिकले, त्यामुळे त्यांच्या कामाची भाषा दख्खनी, घरातली मराठी आणि शेजाऱ्यांशी तेलुगू. आम्ही भावंडं या तिन्हींची खिचडी करायचो. पुण्याहून कधी पाहुणे आले की आमचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून तोंडावर हात ठेवून हसायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आता पन्नाशी ओलांडल्यावर मी मुद्दाम तसं बोलते.

मी सांगते आहे त्या दिवसांत आबिद्सच्या दुकानांत रोज काही ना काही नवं परदेशी दिसायला लागलं होतं. त्यात जपानी कीबोर्ड आले. हातभर लांबीचे, वजनाला हलके, बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सतार. भजनी मंडळं, शाळा, लग्नातले बँडवाले, सगळे तिकडे वळले. अण्णांच्या खोलीतल्या फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या. माझा थोरला भाऊ वसंत दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागला, आणि अण्णांनी त्याला एका शब्दानं अडवलं नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज सुटलं की मी अण्णांच्या खोलीवर जाऊन बसायची. काम शिकायला म्हणून कोणी मला बोलावलं नव्हतं. मुलीनं पेटीचं काम शिकायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. मला तिथं बसायला आवडायचं, एवढंच.

एके दिवशी त्या बोळात एक सत्तरीच्या बाई आल्या. पांढरी सुती साडी, हातात काठी, गळ्यात बारीकसा क्रॉस. त्यांचं नाव मिस रूथ. सिकंदराबादेत त्यांनी पियानोच्या शिकवण्या घेत आयुष्य काढलं होतं आणि तिथल्या एका जुन्या चर्चची गायकमंडळी त्याच चालवत. अण्णा त्यांना पहिल्या दिवसापासून 'टीचरम्मा' म्हणायला लागले, त्या अण्णांना 'उस्ताद'. त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. उतरत्या छपरासारखी एक लांबट लाकडी पेटी, पियानोसारख्या पट्ट्या, आत तारा.

"उस्ताद, ये हार्पसिकॉर्ड है. पियानो का दादा समझो. बीस साल से गूंगा है. बनाते?"

अण्णांनी फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "इसमें हवा नहीं है टीचरम्मा. मैं हवा का आदमी."

"तार है, लकडी है, और सुर है. सुर तो सब जगह एकच ना?"

अण्णांनी फोटो खिशात घातला. रविवारी आम्ही दोघं बसनं सिकंदराबादेला गेलो.

टीचरम्मांचं घर म्हणजे बसकं कौलारू बंगलीवजा घर. पुढच्या खोलीत ते वाद्य चादरीखाली झाकलेलं होतं. कुठल्याशा कारखान्यात कामाला आलेल्या एका जर्मन इंजिनियरनं सुटे भाग मागवून ते इथंच फावल्या वेळात जोडलं होतं आणि मायदेशी परतताना टीचरम्मांना देऊन गेला होता. अण्णांनी झाकण उचललं. पट्टी दाबली की आत एक पातळ लाकडी काडी वर उठते, काडीच्या टोकाला प्लास्टिकची नखी असते, ती नखी तार छेडते. इतकी साधी गंमत. पण आमच्या उन्हाळ्यांनी ते प्लास्टिक कडकून तुटलं होतं आणि निम्म्या तारा गंजल्या होत्या. त्रेपन्न पट्ट्या, दर पट्टीला दोन तारा. एकशे सहा तारा आणि एकशे सहा नख्या.

"ये चालू में कैसा बजता, मैंने सुनाच नहीं," अण्णा म्हणाले. "सुने बगैर कैसा बनाऊं?"

तेव्हा टीचरम्मांनी भिंतीकडचं कपाट उघडलं. तीन कप्पे भरून रेकॉर्ड्स. वरच्या कप्प्यात चर्चमधल्या समूहगायनाच्या, मधल्यात हार्पसिकॉर्डच्या आणि खालच्या कप्प्यात जॅझ गाणाऱ्या बायका आणि पुरुषांच्या. आयुष्यभर ओळखीपाळखीच्या येणाऱ्याजाणाऱ्यांकडून मागवलेल्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. त्यांनी मधल्या कप्प्यातली एक लावली. सुई टेकली, जरा खरखर झाली आणि कोणीतरी मूठभर नवी नाणी फरशीवर हळूच सांडत जावी तसे सूर आले. पण एकही सूर वाट चुकत नव्हता. अण्णा खुर्चीवरून उठून खाली बसले. त्यांना नीट ऐकायचं असलं की ते जमिनीवर बसायचे. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, "हे तर नखीनं वाजतंय. सतारीच्या घरातलं आहे हे."

मग मलाही काही ऐकवावं म्हणून टीचरम्मांनी वरच्या कप्प्यातली एक लावली. वीसतीस माणसं एकत्र गात होती, शब्द लॅटिन होते, मला काही कळत नव्हतं. आधी जाड आवाज जमिनीसारखे पसरले, त्यांच्यावर मधले, आणि सगळ्यात वर मुलींचे आवाज असे काही उभे राहिले की माझ्या हातावर काटा आला. आमच्याकडे भजनात सगळे एकच सूर धरतात. वेगवेगळे सूर एकाच वेळी गाऊन कोणी भांडत नाही, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि निघता निघता टीचरम्मांनी खालच्या कप्प्यातली एक लावून काठीनं फरशीवर ताल धरला. एक बाई शब्द सोडून देऊन नुसत्याच अक्षरांवर आवाज खेळवत होती. अण्णा दारातच थबकले. "अगं, ही तर तराणा गातेय!" टीचरम्मांना तराणा काय ते सांगावं लागलं, मग त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. त्या दिवशी त्यांनी आम्हाला घरी केलेली गुलाबाच्या फुलाच्या आकाराची तळलेली गोड बिस्किटं दिली, तेलुगूत ज्यांना गुलाबी पुव्वुलू म्हणतात ती. बसमध्ये अण्णांनी ती सगळी मला दिली आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत राहिले.

काम चार महिने चाललं. तारा सोप्या होत्या. सतारीच्या पोलादी आणि तंबोऱ्याच्या पितळी तारांतून जाडी निवडून अण्णांनी त्या बसवल्या. नख्यांनी घाम फोडला. नवं प्लास्टिक कापून पाहिलं, कडक झालं. चांभाराकडून चामडं आणलं, मऊ झालं. तेव्हा टीचरम्मांनी एका जुन्या पुस्तकात वाचून सांगितलं की मूळच्या नख्या पक्ष्याच्या पिसाच्या दांडीच्या असायच्या, आणि त्यातही कावळ्याच्या उत्तम. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात कावळ्याची पिसं यायला लागली. अण्णा पहाटे चिक्कडपल्लीच्या बाजूला झाडांखाली फिरून गळलेली पिसं वेचायचे. मीही कॉलेजच्या आवारातून आणायची.

आईनं पहिलं पीस पाहिलं आणि हातातला कलथा खाली ठेवला. "अहो, कावळ्याची पिसं कोणी घरात आणतं का? पितरांचा पक्षी तो. लोक काय म्हणतील?"

"पितरांचा म्हणूनच आणलाय. काम बिघडलं तर ते सांभाळतील."

"चेष्टा नक्को. पोरीचं लग्न व्हायचंय अजून."

तीन दिवस आई अण्णांशी बोलली नाही. चौथ्या दिवशी ती अंगणात आली, पिसांची टोपली उचलली आणि एकेक पीस हळदीच्या पाण्यात धुऊन वाळत घातलं. का, ते तिनं सांगितलं नाही. कदाचित हळदीनं दोष जात असेल. एवढं खरं की त्या वाद्याच्या नख्या पहिले काही महिने किंचित पिवळ्या दिसायच्या.

नख्या बसल्या आणि सूर लावायची वेळ आली, तेव्हा मला ते कळलं जे अण्णांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. एका पट्टीच्या दोन तारा अगदी सारख्या लागल्या नाहीत तर आवाजात एक थरथर येते, वाटीतलं पाणी हलावं तशी. तारा जुळत गेल्या की पाणी संथ होत जातं. अण्णांनी मला हे पेटीवर लहानपणीच ऐकवलं होतं. त्या दुपारी टीचरम्मा आत पडल्या होत्या, अण्णा चावीनं खुंट्या पिळत होते आणि मी पट्टी दाबत होते. खालचे सूर लागले, मधले लागले. वरच्या पट्ट्यांवर आलो आणि अण्णांनी मान हलवून म्हटलं, "झालं, लागला." पाणी तर जोरात हलत होतं. मला वाटलं ते माझी परीक्षा घेताहेत. मी म्हटलं, "अण्णा, अजून हलतंय की." त्यांनी पुन्हा पट्टी दाबायला लावली. पुन्हा. वाद्यावर कान टेकवला. मग ते सरळ झाले आणि चावीकडे बघत म्हणाले, "शोभे, वरचं मला ऐकू येईना झालंय. वर्ष झालं. पेटीत भागतं, तिथं इतकं वर जावंच लागत नाही."

आयुष्यभर कानाजवळ धरून पितळ घासलेलं. त्याचं ते देणं असेल किंवा वयाचं असेल. ते म्हणाले, "तू ऐक, मी पिळतो. पण कोणापाशी बोलू नको. कान गेलेल्या पेटीवाल्याकडे कोण येईल?" मी हो म्हटलं. तेव्हापासून मी पट्टी दाबून हळूच म्हणायची, "थोडं वर... अजून... बस," आणि अण्णा पिळायचे. मला अभिमानही वाटायचा आणि चोरी केल्यासारखंही वाटायचं. ते दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तेव्हा कळलं.

चर्चला शंभर वर्षं होत होती आणि त्यानिमित्त गायकमंडळींची एक कॅसेट काढायची ठरली होती. समूहगायनाच्या रचना, साथीला हार्पसिकॉर्ड, आणि शेवटी टीचरम्मांच्या शिकवणीतल्या चार मुलींनी जॅझच्या चालीवर म्हटलेलं एक प्रार्थनागीत. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी सॅम्युअल अंकल हे उंच, करड्या मिशांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना वेळापत्रकाच्या बाहेरचं काही सहन व्हायचं नाही. त्यांच्या जावयानं आखातातून एक कीबोर्ड आणला होता. एका रविवारी त्यांनी तो आमच्यासमोरच चर्चमध्ये मांडला आणि एक बटण दाबलं. त्यातून हार्पसिकॉर्डचा आवाज आला. हुबेहूब नव्हता, पण आला. पिसं नाहीत, तारा नाहीत, चार महिने नाहीत. अण्णांचा चेहरा मी पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली.

टीचरम्मांनी एवढंच म्हटलं, "एक मौका उस्ताद को दो, सॅम्युअल. एकच."

तो मौका वाया गेला. एका शनिवारी हार्पसिकॉर्ड टीचरम्मांच्या घरून हातगाडीवर चर्चमध्ये आणलं, माइक लागले, रेकॉर्डिंगवाला मागच्या छोट्या खोलीत यंत्रं मांडून बसला, आणि दर दोन मिनिटांनी बाहेरून बस गेली, ऑटो गेला, भोंगा लावून लॉटरीवाला गेला. पंख्यांचा आवाज नको म्हणून पंखे बंद होते; माणसांच्या उबेनं तारा उतरत होत्या. संध्याकाळी हाती काही लागलं नाही. सॅम्युअल अंकल म्हणाले की पुढच्या खेपेला कीबोर्ड, आणि तेही स्टुडिओत.

आठवड्याभरात शहरात बंद जाहीर झाला. हैदराबादला तेव्हा बंद नवे नव्हते. आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवाल्यानं निरोप आणला. टीचरम्मांचा फोन होता: उद्या रस्त्यावर एकही गाडी नसणार, सकाळी चर्चमध्ये या, सॅम्युअलसकट मी सगळ्यांना बोलावलंय.

आई म्हणाली, "बंदच्या दिवशी पोरीला घेऊन सिकंदराबादेला? चालत? डोकं ठिकाणावर आहे का?" आणि सकाळी तिनंच भाकरी-ठेचा बांधून दिला. आम्ही उजाडता निघालो. सगळी शटर्स खाली होती, हुसेनसागराच्या बांधावर चिटपाखरू नव्हतं, पाण्यावरून वारा येत होता. दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं. अण्णांनी चावी आणि तारांची गुंडाळी दाखवली आणि म्हणाले, "गिरजाघर का बाजा बिगडा है साब." दोन्ही वेळा सोडलं. चर्चला पोचलो तर गायकमंडळी एकेक करून चालत, सायकलवर येत होती. तेवीसपैकी एकोणीस आली. पाव, चहाचे थर्मास, पाण्याचा माठ, सगळं घरून.

खरंच, असं शांत सिकंदराबाद मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

अण्णा आणि मी सूर लावायला बसलो. गायक बाहेर सावलीत होते, आत आम्ही दोघंच. नेहमीसारखं मी कुजबुजत होते, "थोडं वर... नाही, ओलांडलं... जरा खाली... बस." मध्येच अण्णा विचारत होते, "आला का गं?" वाद्याच्या पोटाशी माइक लावलेला होता आणि तो चालू आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीत रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचा हेडफोन गंमत म्हणून सॅम्युअल अंकलना दिला होता. आणि सॅम्युअल अंकलनी नोकरीतली दहा वर्षं नांदेडला काढली होती.

ते बाहेर आले, आमच्यापुढे उभे राहिले आणि मोडक्यातोडक्या पण स्वच्छ कळणाऱ्या मराठीत म्हणाले, "विठ्ठलराव, तुमाला ऐकू येत नाय?"

दारातून गायक आत येत होते, ते तिथंच थांबले. टीचरम्मा काठी टेकत पुढे आल्या. अण्णांनी चावी हळूच झाकणावर ठेवली. ते खोटं बोलतील असं मला वाटलं. आणि ते खोटं बोलले असते तर मीही बोलले असते.

"हौ साब," ते म्हणाले, सगळ्यांना कळावं म्हणून दख्खनीत. "ऊपर के सुर मेरेकू नहीं आते अब. बेटी सुनती, मैं कसता."

"म्हणजे शंभर वर्षांची ही कॅसेट या मुलीच्या कानावर सोडायची? ही शिकलीय कुठं?" सॅम्युअल अंकलनी विचारलं.

"माझ्यापाशी," अण्णा मराठीत म्हणाले आणि मग त्यांनी जे केलं त्याची मला कल्पनाही नव्हती. त्यांनी चावी उचलून सॅम्युअल अंकलच्या हातात दिली. "तुम्ही कुठलीही एक तार उतरवा साब. केसाएवढी. पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी राहील. तिनं नाही ओळखलं तर तुमचा कीबोर्ड मीच उचलून आत आणतो."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. समोर चुन्याच्या भिंतीवर एक ओल उमटली होती, तिच्याकडे बघत राहिले. मागे खुंटीची बारीक कुरकुर ऐकू आली. मग टीचरम्मा वाजवायला बसल्या. अगदी खालच्या सुरापासून एकेक पट्टी, संथ. माझं काळीज इतक्या जोरात वाजत होतं की मला त्याचाच राग आला. निम्मं वाद्य संपलं. मग एका पट्टीवर पाणी हललं. मी हात वर केला. टीचरम्मा थांबल्या नाहीत, पुढे गेल्या. आणि जवळजवळ शेवटी, पार वरती, आणखी एकदा हललं. अगदी थोडं. मी पुन्हा हात वर केला.

"दोन आहेत," मी म्हटलं.

"एक," सॅम्युअल अंकल म्हणाले. "मी एकालाच हात लावलाय."

मी वळले. अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना तो वरचा सूर ऐकू येत नव्हता. मी बरोबर आहे की चूक, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. तरी ते शांतपणे म्हणाले, "ती दोन म्हणते तर दोन असतील."

टीचरम्मांनी वरची ती पट्टी पुन्हा दाबली. डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा दाबली. मग म्हणाल्या, "सॅम्युअल, एक तू उतारा. दुसरा गर्मी ने उतारा. मैं पचास साल से पढाती, मेरेकू दो दफा सुनना पडा."

एकोणीस माणसांपैकी कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. सॅम्युअल अंकलनी मिशीवरून हात फिरवला, चावी अण्णांपुढे धरली. अण्णांनी ती घेतली नाही. माझ्याकडे बोट केलं. "आता तूच पीळ. ऐकणाऱ्याच्या हातातच चावी असलेली बरी."

तोवर एकही खुंटी मी स्वतः पिळली नव्हती. पहिली खुंटी जरा ओलांडली, दुसरी नीट बसली. त्या दिवशी दर रचनेनंतर मी वाद्यापाशी जात होते, उतरलेल्या तारा शोधून वर आणत होते, आणि एकोणीस मोठी माणसं घाम पुसत, पाणी पीत, माझं होईस्तोवर गप्प बसत होती. माझ्यासाठी इतकी माणसं पहिल्यांदाच थांबली होती. मी मान वर करून एकदाही पाहिलं नाही, पण ती थांबलेली मला पाठीला कळत होती. दुपारपर्यंत समूहगायन झालं. मग वाद्य गप्प राहिलं आणि त्या चार मुलींनी चुटक्यांच्या तालावर शेवटचं प्रार्थनागीत म्हटलं, मधला तुकडा नुसत्या अक्षरांवर. ज्या सॅम्युअल अंकलचा त्या गाण्याला आधी विरोध होता, त्यांचा बूट फरशीवर ताल देत होता आणि रेकॉर्डिंगवाल्यानं खुणेनं त्यांना पाय थांबवायला सांगितलं.

कॅसेट निघाली. दुसऱ्या रचनेच्या शेवटी, आवाज विरत असताना, एक खाकरणं ऐकू येतं. ते अण्णांचं. त्यांना फार शरम वाटली, काढून टाका म्हणून ते टीचरम्मांच्या मागे लागले. टीचरम्मांनी काही काढू दिलं नाही. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या आवाजाची माझ्यापाशी दुसरी काहीच खूण नाही. मोजता येणार नाही इतक्या वेळा मी त्या खाकरण्याशी येऊन थांबले आहे.

वेष्टणाचा मजकूर छापायला जाण्याआधी टीचरम्मांनी त्यात 'ट्यूनिंग: उस्ताद विठ्ठलराव जाधव' असं लिहिलं होतं. अण्णा बसनं एकटेच सिकंदराबादेला गेले आणि ते बदलून आले. मला सांगितलं नाही. छापून आलेली कॅसेट त्यांनी घरी आणली, चष्मा पुसून आईला दिला आणि म्हणाले, "वाच." आईला इंग्रजी वाचता यायचं नाही, वसंतानं वाचलं. हार्पसिकॉर्डची दुरुस्ती अण्णांच्या नावावर होती. त्याखाली, स्वतंत्र ओळीवर, ट्यूनिंग: मिस शोभा जाधव. आईनं कॅसेट हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "आडनाव नीट छापलंय ना?" मग देवापुढे ठेवली.

दोनतीन महिन्यांनी अण्णांच्या खोलीवर एका मोठ्या शाळेचा माणूस हातात ती कॅसेट घेऊन आला. त्यांच्या हॉलमधला पियानो बेसूर झाला होता, मद्रासेहून माणूस यायला वेळ लागणार होता. "मिस शोभा जाधव यहां मिलते क्या?" त्यानं विचारलं. अण्णा म्हणाले, "मिलते. कल आते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पियानोच्या खुंट्या हार्पसिकॉर्डपेक्षा कितीतरी घट्ट, तारा जाड. मला येईल की नाही याची रस्ताभर धाकधूक. शाळेच्या दारात एक रुबाबदार बाई उभ्या होत्या, मुख्याध्यापिका असाव्यात. त्यांनी माझ्यावरून नजर फिरवून अण्णांकडे पाहिलं, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आइए उस्ताद, अंदर आइए."

अण्णा जागचे हलले नाहीत. अवजारांची पिशवी त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मला पुढे व्हायला वाट दिली.

"उस्ताद ये हैं," ते म्हणाले. "मैं इनका बाप. सामान उठाने आया."